दुपारची बॅच

क्षितिजाने कॉलेजच्या फॉर्मवर मुद्दाम दुपारच्या बॅचपुढे खूण केली. पहाटे वडिलांसोबत वाडीतला सोनचाफा तोडायचा, फुलं दादरला रवाना करायची आणि मग निवांत कॉलेजला जायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

सहीसाठी तिनं फॉर्म वडिलांपुढे ठेवला. त्यांनी तो नीट वाचला, ती खूण खोडली आणि सकाळच्या बॅचपुढे नवी केली.

"दादा, सकाळी सातचं कॉलेज! मग चाफा कोण तोडणार?"

"मी आहे ना."

"एकटे किती करणार तुम्ही? दुपारची बॅच घेतली तर वाडीपण होईल, कॉलेजपण होईल."

दादांनी सही करून फॉर्म तिच्या हातात दिला.

"मीपण दुपारचीच घेतली होती. दिवाळीपर्यंत जमलं."