संध्याकाळी ये

झोंगुल्दाकचे खाणकामगार कामावर निघताना घरच्यांकडे माफी मागतात. न जाणो, परत आलोच नाही तर! इदरीसही मागायचा. डबा देत त्याची बायको, दुरदाने, म्हणायची, "संध्याकाळी ये, मग करते माफ." "कंजूस कुठली!" म्हणत तो निघायचा. काही बाकी राहिलं की माणूस परततो, असं तिला वाटे. भोंगा वाजला की परतायचाही. पुढे खाण बंद पडली, कोळशाची धूळ इदरीसच्या छातीत उरली. काल तापात तो बरळला, "डबा दे, पाळीला उशीर झाला. चुकलंमाकलं माफ कर." रिकामा डबा देत ती सवयीने म्हणाली, "संध्याकाळी ये." दुपारीच तो गेला. आज जनाज्यापुढे इमामांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "याला माफ केलंत?" "केलं!" सगळे म्हणाले. डबा छातीशी धरलेल्या दुरदानेला शेजारणीने ढोसलं, "बोल ना!" "थांब," ती म्हणाली, "संध्याकाळ होऊ दे."