मेलेल्याचं काम

हिंजवडीहून कितीही दमून आला, तरी टीव्हीवरच्या मालिकांची सालटी काढल्याशिवाय निरंजनला जेवण जात नसे. विज्ञानमालिका असली तर त्याला यानाचा थर्माकोल दिसायचा आणि गुन्हेमालिका असली तर लेखकाची अक्कल. त्या दिवशी मात्र बाबांनी रिमोट आधीच ताब्यात घेऊन गुन्हेमालिका लावली होती.

"आला बघा इन्स्पेक्टर! पंचनाम्याआधीच पुराव्यावरून हात फिरवतोय," निरंजन ताट घेऊन बसत म्हणाला. "आणि ते प्रेत बघा, चादर चक्क वरखाली होतेय! अहो, मेलेल्याचं काम करायला लागतं काय? नुसतं पडून राहायचं. तेवढंही जमू नये? कुठून पकडून आणतात असली माणसं!"

टीपॉयवरचा पेढ्यांचा पुडा बाबांनी हळूच आपल्या मागे सरकवला.

पडद्यावर इन्स्पेक्टरने प्रेताच्या तोंडावरची चादर दूर केली. निरंजनचा घास हातातच राहिला. त्याला बाबांकडे मान वळवायचा धीर होईना.

"दमा आहे रे त्यांना," आई म्हणाली. "किती वेळ श्वास रोखून धरणार?"