समासातले वाचक

पान एकतीसवर खोडरबर अडलं.

तिथं दोघांनी लिहिलं होतं. पहिल्यानं पेन्सिलनं : "या रक्तपिशाचाला लसणाचा वास सहन होत न्हाई. मंग हा जालन्याला जगला कसा? इथं चटणीबिगर घास उतरत न्हाई." खाली बॉलपेननं, वेगळ्या अक्षरात : "आमच्या गल्लीत यावं. आम्ही कांदा-लसूण खात नाही. – एक जैन वाचक."

पेन्सिल खोडली. बॉलपेनवर उषाबाईंनी पांढरी शाई लावली आणि फुंकर मारली. अडीच वाजले होते. चारला लेखक येणार होते.

लेखक म्हणजे देवानंद टेंभुर्णीकर. गाव इथलंच, मुक्काम पुण्यात. अकरा कादंबऱ्या प्रेमाच्या लिहिल्या, अकराही खपल्या. बाराव्या कादंबरीत त्यांनी रक्तपिशाच आणलं. जालन्यातल्या बंद जिनिंग मिलमध्ये ते राहतं आणि कृषी महाविद्यालयातल्या मुलीवर भाळतं. नाव 'बिनसावलीचा पाहुणा'. भोकरदनच्या वाचनालयात एकच प्रत होती. दोन महिन्यांत ती चौसष्ट जणांनी घरी नेली. या गावात पुस्तकाबद्दल तोंडानं कुणी बोलत नाही. जे म्हणायचं ते समासात लिहून परत करतात. उषाबाई वीस वर्षं ग्रंथपाल होत्या आणि वीस वर्षं ओरडत होत्या.

पान बावन्न. "हिरॉईन किती बावळट. मानेवर दात लागले तरी म्हणते डास चावला." त्याखाली : "तुला तर डास पण चावणार न्हाई."

खोडलं.

पान अठ्ठ्याऐंशी. "इथं झोप लागली." खाली : "मला पण." त्याच्याही खाली : "मी तर चौदाव्या पानावरच."

खोडलं.

सकाळी अध्यक्ष कन्हैयालालजी दुकान उघडण्याआधी येऊन गेले होते. "उषाबाई, सरळ सांगतो. साहेब दुसऱ्या भागाचं प्रकाशन आपल्याकडं करणार असतील, तर कादंबऱ्यांची कपाटं राहतील. न्हाई तर जूनपासून इथं अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची पोरं रोज विचारून राह्यलीत. साहेब खूश झाले पाहिजेत. बिलकुल खूश."

म्हणून हे खोडणं. आधी उषाबाई फक्त शिव्या खोडणार होत्या. मग दिसलं, की शिव्या गेल्यावर तिथं डाग राहतो, आणि डागाशेजारी "लई भारी" लिहिलेलं असलं की ते खोटं वाटतं. त्यांनी कौतुकही खोडायला घेतलं.

आधीच्या कादंबऱ्यांना असं कधी करावं लागलं नव्हतं. त्यांच्या समासात शिवी नसायची, मागणी असायची. कुणी लिहिलं होतं, सुलूला कलेक्टर करा. पुढच्या कादंबरीत सुलू कलेक्टर झाली. कुणी लिहिलं, मामा फार सज्जन आहे, त्याला जेलात घाला. गेला. लोक म्हणायचे, साहेबाला आपल्या मनातलं कळतं. दर खेपेला देवानंदराव येत, मळलेली जुनी प्रत मागून घेत आणि सही केलेली कोरी प्रत देत. "वाचकांचा हात लागलेलं पुस्तक म्हणजे माझा प्रसाद," असं म्हणत. एकदा हे ऐकून उषाबाईंचे डोळे भरून आले होते.

पान एकशेवीस. "याला माणूस करा आणि लग्न लावा." खाली बायकी अक्षर : "लग्न नको. मंग रक्त कोण पितं ते कळेल."

खोडलं.

शेवटचं पान. इथं समास पुरला नव्हता म्हणून मजकूर उभा-आडवा फिरला होता. "हा शेवट पुचाट आहे. पिशाच बिचारं साधं निघावं. दुसऱ्या भागात मुलगी त्याच्याशी लग्न करून घरी जाते आणि खरी रक्त पिणारी तिची सासू असते. ती दिवसाही फिरते. लसूणही खाते."

उषाबाईंना हसू आलं. अख्ख्या पुस्तकात एवढी चांगली गोष्ट नव्हती. मग त्यांनी अक्षर ओळखलं. ते त्यांच्या सुनेचं, प्रीतीचं होतं.

हे त्यांनी दोनदा खोडलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना गाडी आली. शाल झाली, नारळ झाला. देवानंदरावांनी शाल खुर्चीवर टाकली आणि हात पुढं केला. "आपली ती प्रत?"

उषाबाईंनी प्रत दिली. देवानंदरावांनी ती मधूनच उघडली. चार पानं उलटली. दहा उलटली. शेवटच्या पानावर आले.

"बघा साहेब," कन्हैयालालजी म्हणाले, "चौसष्ट लोकांनी वाचलं, बराबर जपून वाचलं. एक रेघ न्हाई."

देवानंदराव खिडकीकडं गेले. शेवटचं पान त्यांनी उजेडासमोर धरलं. कागदावर पेन्सिलीचे नुसते वळ होते. ते डोळे बारीक करून बराच वेळ वळ वाचत राहिले.

"कुणी खोडलं?"

"मी," उषाबाई म्हणाल्या. "सगळं साफ केलं साहेब. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

देवानंदरावांनी पुस्तक मिटलं.

"बाई," ते म्हणाले, "मंग दुसरा भाग आता मी काय माझ्या मनानं लिहू?"