गुपचूप गिऱ्हाईक

"सौम्य, स्वस्त आणि नैसर्गिक घटकांचा फेसवॉश हवाय," तिनं पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं. पर्समधला फोन सगळं रेकॉर्ड करत होता.

काउंटरमागची मुलगी हसली. बावीस-तेवीसची असेल. पाठीमागे हिरव्या ट्यूबांची भिंत. कंपनीला त्या मुलीकडून चारच गोष्टी हव्या होत्या. हसायचं, ट्यूब दाखवायची, थेंबभर स्वतःच्या हातावर लावून दाखवायचा आणि शेवटी 'हीच घ्या' म्हणायचं. गिऱ्हाईक बनून दुकानं तपासायची आणि या चार प्रश्नांची उत्तरं फॉर्मवर भरायची, हे तिचं काम. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका दुकानात तिला चौथ्या प्रश्नापुढे 'नाही' लिहावं लागलं होतं. आठवड्यानं तिथून सहज जाताना पाहिलं, तर काउंटरमागे वेगळीच मुलगी उभी होती.

आज एवढंच वेगळं होतं, की शेजारच्या काकू अचानक लेकीकडे गेल्या होत्या. म्हणून दीड वर्षाची पोर कडेवर होती. पोरीच्या उजव्या गालावर दोन बोटं रुंद लाल चट्टा. महिना झाला, दोन डॉक्टर झाले, चट्टा काही हलायला तयार नव्हता.

"हिच्यासाठी नाही ना?" मुलीनं विचारलं.

"छे छे, माझ्यासाठी. पण ही झोपते माझ्या गालाला गाल लावून. गोचिडीसारखी चिकटते नुसती."

मुलीनं झाकण उघडलं आणि डाव्या हाताच्या पाठीवर थेंब घेऊन चोळला. त्या हाताची कातडी पापुद्रे सुटून मधूनमधून लालभडक झाली होती. उजवा हात मात्र नितळ. असलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे. येणाऱ्या प्रत्येक बाईसाठी एक थेंब, आणि दर वेळी तोच हात.

तीन प्रश्न झाले होते. आता नुसतं 'हीच घ्या'. म्हण गं बाई, ती मनात म्हणाली. दोन शब्द म्हण आणि सुट.

मुलगी पोरीच्या गालाकडे बघत राहिली. मग तिनं ट्यूबचं झाकण लावून टाकलं.

"नका घेऊ, ताई."

"असं कसं? कोरफड आहे ना यात? वर चित्र आहे की."

"वरच आहे. चांगली काट्यांसकट काढलीय. आत नुसता वास."

"असू दे की वास. मला आवडतो," ती घाईघाईनं म्हणाली. "मोठ्यांना चालेल, असंच म्हणायचंय ना तुला?"

"तुमचं तोंड तुम्ही धुवाल हो. झोपताना त्याला हिचा गाल लागणार, त्याचं काय?" मुलगी पुढे वाकली. "कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे. तिथं साधा, बिनवासाचा मिळतो. याच्या निम्म्या किमतीत. बाटली बघवत नाही, इतकी दळभद्री. पण झोंबत नाही. मी तोच वापरते. आणि हिला तर साबणबिबण काही नकोच. कोमट पाणी आणि मऊ सुती फडकं. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. असं."

तिनं उजव्या हाताची बोटं हवेतच टिप टिप करून दाखवली. पोर खुदकन हसली.

"बरं," ती म्हणाली. आणखी काही विचारलं, तर मुलगी आणखी बोलेल, अशी तिला भीती वाटली.

दुकानाबाहेरच्या पायरीवर बसून तिनं फॉर्म उघडला. हसली का? हो. ट्यूब दाखवली का? हो. हातावर लावून दाखवली का? हो. विक्रेतीने आपले उत्पादन घेण्याची शिफारस केली का?

अंगठा 'हो'वर जाऊन थांबला. पण फॉर्मसोबत रेकॉर्डिंगही जायचं, आणि ते कुणीतरी ऐकायचं. तिच्याबरोबर कामाला लागलेल्या एकीनं दया येऊन 'हो' लिहिलं होतं. कंपनीनं तिलाच घरी बसवलं. आणि हिच्या घरात असं घरी बसवलेलं, दिवसभर काम शोधत फिरणारं माणूस आधीच एक होतं.

पोरीनं सवयीनं गाल तिच्या गालाला टेकवला. गरम होता.

तिनं 'नाही' दाबलं. फॉर्म गेला.

मग ती उठली आणि परत आत गेली. तिथं जाऊन काय करणार होती, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. मुलगी ट्यूबा सरळ करत होती.

"मी गिऱ्हाईक नव्हते," ती म्हणाली. "कंपनीनं पाठवलं होतं मला. फॉर्म आत्ताच गेला. त्यात... तुझं वाईटच होणार आहे. नुसतं 'घ्या' म्हणाली असतीस, तर मी..."

"माहितीये मला," मुलगी म्हणाली. "सुपरवायझरनं सकाळीच तुमचा फोटो दाखवला होता. ही बाई आली की तोंडात साखर ठेव म्हणाला, नाहीतर गाशा गुंडाळ."

पोरीला तिनं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मग तरीही?"

"गिऱ्हाईक खोटं होतं, ताई. गाल तर खरा होता."