पंखावरचा अंगठा

विमानाच्या मॉडेलवर शेवटचं तिरंगी गोल स्टिकर लावायचं राहिलं होतं, आणि नेमका त्याच जागी पंखावर कस्तुराबाईच्या अंगठ्याचा ठसा होता. रंग वाळला का बघायला तिनं अंगठा टेकवला, म्हणून रामलिंगअप्पा बायकोशी दोन दिवस बोलले नव्हते. पुढच्या महिन्यात ती गेली. “अप्पा, रेशन उचलल्यावानी अंगठा लावलाय की मायनं,” मुदखेडहून आलेली लेक हसली. “पॉलिश पेपर मारू का?” “न्हाई. हात लावू नको.” “मग अर्धवटच ठेवता? मायला पुरं झालेलं बघायचं होतं.” अप्पांनी स्टिकर पाण्यात भिजवलं आणि कागदावरून पंखावर सरकवलं. ठसा झाकला गेला. त्यांनी फडक्यानं पाणी टिपलं. पातळ स्टिकर रंगाला चिकटत गेलं आणि गोलावर अंगठ्याची एकेक रेघ उमटली. “जेवाय वाढ गं,” अप्पा म्हणाले, “भूक लागली.”