पंखाखाली नेट नाही

फोन डोक्यावर धरून टेसानं आपल्या छोट्या विमानाभोवती तिसरी फेरी मारली, तेव्हा शेजारच्या खुर्चीतून हार्लन म्हणाले, "पोरी, पंखावर चढून बसलीस तरी नेट मिळायचं नाही. हजारो विमानं आणि प्रत्येकाच्या खिशात फोन. सगळे एकाच नळाला तोंड लावून बसलेत."

ओशकोशच्या विमानांच्या जत्रेत, त्या माळावर नजर जाईल तिथवर विमानंच होती आणि प्रत्येकाच्या पंखाखाली एकेक तंबू. हार्लन एकतीस वर्षं याच रांगेत उतरत होते. दुपारी टेसाच्या तंबूच्या खुंट्याही त्यांनीच ठोकून दिल्या होत्या, न विचारता. घरी कोण असतं म्हणाले, तर तिला तासभर पुरेल एवढं सांगायचं होतं, पण ती थोडक्यात बोलली. आठ महिन्यांची मेबल. काल अंग तापलं होतं. सकाळी ताप उतरला, म्हणून नवऱ्यानं, कोल्बीनं, तिला जवळजवळ ढकलूनच घराबाहेर काढलं. बाळंतपणानंतरचं हे तिचं पहिलं लांबचं उड्डाण होतं.

ताप पुन्हा चढला तर तंबू गुंडाळून परत फिरायचं, असं तिनं स्वतःशी ठरवलं होतं. पण चढला की नाही हे कळणार कसं? पाळण्यावरचा कॅमेरा तिच्या फोनवर दिसायचा. नेट असेल तर.

कोल्बीसाठी तिनं फ्रिजवर एकोणीस कलमांची यादी चिकटवली होती. औषध किती वाजता, झोपताना कुठला ससा, दूध किती कोमट, गालिच्यावर बाहेरचे बूट आणायचे नाहीत. स्वतःसाठी यादी तिला लागत नसे. मिशिगन सरोवर ओलांडणारे सगळे करतात ते तिनं केलं. पिवळं जीवरक्षक जॅकेट अंगात चढवलं. निघण्याआधी उड्डाणांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीला फोन करून विमानाचा नंबर, रंग, माणूस एक, पोचायची वेळ, घरचा फोन, सगळं लिहून दिलं. पोचल्यावर पुन्हा एक फोन, बस्स; तो आला नाही तरच ते शोधायला निघतात.

"मेबलच्या दुधाच्या वेळाही देऊन टाक त्यांना," कोल्बी म्हणाला होता.

मग पाणी. वर निळं, खाली निळं, मधली रेघ पुसून गेलेली. पुढं जातोय की जागच्या जागी तरंगतोय, ते कळेना. इंजिनाच्या एकसुरी घरघरीत तिला मेबलचा झोपेतला श्वास ऐकू यायला लागला. मग एकदम ओशकोशची गर्दी. इथे रेडिओवर बोलायचं नाही, नुसते पंख हलवून होकार द्यायचा. धावपट्टीवर रंगवलेल्या हिरव्या ठिपक्यावर उतरायचं आणि झेंडेवाले दाखवतील तिकडे गवतात वळायचं. तिनं इंजिन बंद केलं. जॅकेट काढून तिनं तंबूत उशाला टाकलं आणि फोन घेतला तो मेबलला बघायला.

तेव्हापासून ती नेट शोधत होती. आता पाच वाजायला आले होते.

न्हाणीघरांच्या मागे मिळतं, असं कुणी सांगितलं. तिथे दहा-बारा जण हात उंच करून उभे होते, आणि सगळ्यांचे चेहरे कोरे. बर्फ विकणारी म्हणाली, लाकडी चर्चपाशी जाऊन बघ.

वाटेत बचावपथकाचं नारिंगी हेलिकॉप्टर लोकांना बघायला म्हणून गवतावर ठेवलेलं होतं. स्वयंसेवक पोरांना त्यातून उतरवत होते. पाती फिरायला लागली होती. एक मुलगी रडत होती आणि तिचा बाप तिला समजावत होता की त्याला कामावर बोलावलंय, बाळा, ते परत येईल. गवत आडवं झालं. हेलिकॉप्टर उचललं गेलं आणि पूर्वेकडे धूसर होत होत उन्हात विरघळलं. सगळ्यांनी हात हलवले. टेसानंही हलवला. मेबल मोठी झाली की तिला हे सांगायचं, असं तिच्या मनात आलं.

चर्चच्या पायरीवर एक म्हातारी विणत बसली होती. चर्चच्या नेटचा पासवर्ड तिच्याकडे होता आणि तो ती एका वेळी एकालाच द्यायची.

"पाच मिनिटं," ती म्हणाली. "मघाशी एकानं हवामान बघतो म्हणून अर्धा तास बेसबॉल बघितलं."

टेसानं बाळ बघायचंय सांगितलं, तशी म्हातारीनं सुया थांबवल्या आणि चिठ्ठी पुढे केली. आत जाणार असशील तर मेणबत्ती लाव, असंही म्हणाली. सरोवरावर कुणाचं तरी विमान गेलंय, दुपारपासून पत्ता नाही.

सकाळचं ते निळं पाणी टेसाच्या डोळ्यांपुढे हललं.

"घरी कुणी असेल का त्यांच्या?"

"कुणाच्या नसतं?" म्हातारी म्हणाली.

फोनवर चक्र फिरत राहिलं. मग पाळणा दिसला. मेबल उठून बसली होती, सशाचा कान चघळत. गाल नेहमीसारखे, डोळे टवटवीत. ताप नव्हता. टेसा पायरीवर बसली आणि हसली, आणि डोळे पुसले.

मग तिला पाळण्यापलीकडे गालिचा दिसला. त्यावर काळ्या, जड बुटांचे दोन जोड उभे होते. एक कलम पाळता येत नाही या माणसाला, म्हणत तिनं आवाज वाढवला.

"अंगात जॅकेट होतं का?" बूटवाल्यांपैकी कुणीतरी विचारत होतं.

"होतं," कोल्बीचा आवाज आला. "पिवळं. पण टेसाला पोहता येत नाही."