समोरचं स्टूल

१९५८ साल. चिंचवडच्या एका छोट्या कारखान्यात दत्तोबा विजेवरच्या गिटारसाठी हँडलने फिरवायच्या यंत्रावर तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळायचा. तो तार चोरतो, असा मालक उद्धवरावांना संशय होता. त्याचे हात सतत दिसावेत म्हणून त्यांनी यंत्र जागेवरच ठेवून त्याचं स्टूल पलीकडच्या बाजूला, आपल्यासमोर मांडलं.

चोरी काही सापडली नाही. पण त्या दिवसापासून प्रत्येक कॉइल उलट्या दिशेने गुंडाळलेली निघू लागली. जुन्या कॉइलशी जोडली की गिटारचा आवाज पिचका यायचा.

"नजर ठेवली म्हणून सूड उगवतोस व्हय रं?" उद्धवरावांनी विचारलं.

"न्हाई मालक. पहिल्यापासनं हँडल पुढंच ढकलतोय, आताबी तसंच ढकलतोय."

उद्धवरावांनी त्याला कामावरून काढलं आणि त्याच स्टुलावर आपल्या भरवशाच्या मेहुण्याला, भैरूला बसवलं. संध्याकाळी भैरूने पहिली कॉइल त्यांच्या हातात दिली. तीही उलटी होती.



उद्धवरावांनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "दत्तोबा तुला कुठं भेटला होता?"